चालते दफ्तर

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे जे अनेक विभाग होते त्यांत दोन मुख्य मानले जात: एक, खुद्द फडणिसाच्या नजरेखाली रोज उघडले जाणारे, ज्यात चालू व्यवहाराचे कागद हाताशी असत ते चालते दफ्तर; आणि दुसरे, साऱ्या महालांच्या हिशेबांची वर्गवारी करून, त्यांचे तर्जुमे आणि खतावण्या सिद्ध करून जे जतन करावयाचे, ते एलबेरीज दफ्तर. बजाजनगरातला संगणक जुळवून देणारा एखादा पोरगेलासा दुकानदार गिऱ्हाइकाला रॅम आणि हार्ड डिस्क यांतला भेद समजावू लागतो, हाताशी असलेली मेमरी निराळी आणि कायमची साठवण निराळी असे बोटांवर मोजून सांगतो, तेव्हा नाना फडणिसाच्या कारकुनांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वी पाडलेलाच भेद आपण सांगत आहो, याची त्याला वार्ताही नसते. वीज गेली म्हणून पुण्याचे चालते दफ्तर पुसले जात नसे, एवढाच काय तो फरक. आणि तोही जुन्यांच्या बाजूचा.

संगणकाची स्मृती घडविणारे कारखानदार आणि अनेक माणसांना एका कामावर एकत्र आणणाऱ्या आज्ञावल्या, यांचे इतिहास आजवर वेगवेगळे लिहिले गेले आहेत. पहिला इतिहास सिलिकॉनचा, भट्ट्यांचा आणि दिवाळखोरीचा; दुसरा सभा, पत्रव्यवहार आणि कचेरीतल्या रुसव्याफुगव्यांचा. परंतु वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ज्याचा बराच काळ गेला आहे, त्याला हे दोन इतिहास एकाच घरात नांदताना दिसतात, आणि त्या घराचे नाव दफ्तर. फारसीच्या वाटेने आलेला हा शब्द आपण असा काही आत्मसात केला की कागदांचा गठ्ठाही दफ्तर, तो गठ्ठा जेथे उघडून दहाजण बसतात ती जागाही दफ्तर, आणि पोराच्या पाठीवरची पिशवीही, उच्चार थोडा बदलून, दप्तरच. साठवण आणि सहकार्य या दोन गोष्टी मुळात एकच आहेत, हे आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखले होते. मराठेशाहीतला कागद एका हातातून दुसऱ्या हातात जाई तेव्हा त्यावर ‘सुरू सूद’, ‘बार’ अशा खुणा पडत. कोणत्या दफ्तरी नोंद झाली, कोणी पाहिले, पुढे कोठे जावयाचे, हे त्या दोन अक्षरांवरून कळे. आणि दोन ठिकाणच्या नोंदी ताडून पाहण्याच्या क्रियेला रुजुवात हे नाव होते. या रुजुवातीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

वाळूज ज्याच्या शेजारी आहे त्या आमच्या शहराचा दफ्तराशी संबंध पुण्याहूनही जुना. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली, मोजणी आणि प्रतवारीवर आधारलेली त्याची जमाबंदी दख्खनभर नावाजली गेली. पुढे औरंगजेबाने शहराला औरंगाबाद हे आपले नाव दिले आणि किल्लेअर्कात मोगलांच्या दख्खन सुभ्याचे कागद साचत गेले. मनसबदारांच्या हजिऱ्या, घोड्यांचे दाग, तनख्यांचे हिशेब असा तो लाखांच्या घरातला कागदांचा ढीग निजामाची राजधानी हैदराबादला गेल्यानंतरही येथे पडून राहिला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गाड्यांवर लादून हैदराबादला नेण्यात आला. नेला म्हणून वाचला, हे खरे. नाहीतर वाळवीने त्याचा केव्हाच फडशा पाडला असता. तरीही काम येथे व्हावे आणि त्याची स्मृती परगावी राहावी, हा या शहराचा योग तेव्हापासूनचा आहे, आणि वाळूजचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला तो पावलोपावली आठवतो.

यंत्राची स्मृती मात्र आरंभी कागदाची नव्हती, सुताची होती. हिमरूच्या जुन्या मागावर नक्षी विणकराच्या डोक्यात नसे, ती मागावर ताणलेल्या दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवलेली असे; कोणता दोरा केव्हा उचलावयाचा हे ते जाळे सांगे आणि वर बसलेला पोरगा त्याप्रमाणे ओढी. फ्रान्समध्ये जाकार याने १८०४ च्या सुमारास तेच ज्ञान भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर उतरविले, आणि हॉलेरिथ याने तसल्याच पुठ्ठ्यांवर अमेरिकेची १८९० ची शिरगणती मोजून काढली. पुढे इलेक्ट्रॉनिक संगणक आला तेव्हा पाऱ्याच्या नळ्या आणि क्ष-किरणांच्या पडद्यासारख्या चमकणाऱ्या काचनळ्या यांचे प्रयोग करून थकल्यावर शास्त्रज्ञ पुन्हा विणकामाकडेच वळले: फेराइटची मण्याएवढी कडी, तिच्यातून ओवलेल्या तारा, आणि प्रत्येक कडीत एक बिट. या कोअर स्मृतीच्या चौकटी कारखान्यांतून स्त्रिया भिंगाखाली सुईने ओवीत असत, आणि चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या संगणकाची आज्ञावलीही मॅसॅच्युसेट्समधल्या अशाच बायकांनी तारांत विणलेली होती. पैठणचा विणकर ते पाहून चकित झाला नसता; त्याने फक्त जर कोणती वापरता, एवढेच विचारले असते.

आपल्या प्रांतात ही कोअर स्मृती प्रथम मुंबईत आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० च्या फेब्रुवारीत चालू झाला; त्याची स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याचे नामकरण केले. आजच्या हिशेबाने ती स्मृती जेमतेम दहा हजार अक्षरांची होती. हा लेख तिच्यात मावला नसता.

मग १९६८ साल उजाडले. त्या वर्षी जुलैत रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी कॅलिफोर्नियात इंटेल स्थापन केली, ती प्रोसेसर करण्यासाठी नव्हे, स्मृती करण्यासाठी. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना एका ट्रान्झिस्टरमध्ये एक बिट ठेवण्याच्या युक्तीचे पेटंट त्याच वर्षी मिळाले. आणि डिसेंबरच्या ९ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभागृहात डग्लस एंगलबार्ट यांनी, मैलोगणती दूर बसलेला सहकारी आणि आपण एकाच वेळी एकाच कागदावर काम करू शकतो, हे पडद्यावर करून दाखविले. स्मृतीचा कारखाना आणि सहकार्याची आज्ञावली ही दोन्ही अशी एका वर्षाची भावंडे. आमच्या शहरात त्याच वर्षी भोगले कुटुंबाने निर्लेपचा, न चिकटणाऱ्या तव्यांचा, उद्योग काढला. चिप करणाऱ्यांपुढे तवा करणाऱ्याने संकोचण्याचे कारण नाही. सॅमसंगचा आरंभ १९३८ मध्ये सुकी मासळी आणि शेवया विकण्यापासून झाला. आणि आयडाहोच्या बॉइसी गावात १९७८ मध्ये निघालेल्या मायक्रॉनला आरंभीच्या अडचणीत तारणारे भांडवल बटाट्याच्या व्यापारात गबर झालेल्या सिम्प्लॉट नावाच्या शेतकरी-कारखानदाराचे होते. स्मृतीचा धंदा विद्वानांनी शोधला खरा, पण टिकविला तो बाजारभावाचे चढउतार पचविण्याची सवय असलेल्या किराणा-भुसाराच्या माणसांनी, असे माझे मत आहे.

वाळूजचे साल १९८४. जानेवारीच्या १९ तारखेस बजाज ऑटोच्या कारखान्याची कोनशिला बसली, आणि १९८५ च्या नोव्हेंबरात, ५ तारखेला, राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले; सोळा महिन्यांत उत्पादन सुरू केले, याचा अभिमान कंपनी आजही बाळगते. नगर रस्त्यालगतचा तो माळ, वडगाव कोल्हाटी, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, घाणेगाव ही गावे, आणि आषाढीला ज्या वाटेने छोट्या पंढरपूरला माणसांचा पूर लोटतो ती वाट, या साऱ्यांच्या मधोमध महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड आखले. कारखान्याच्या आगेमागे सुटे भाग करणाऱ्यांची शेडे उभी राहिली. १९८५ मध्येच ॲल्युमिनियमच्या ओतकामाच्या दोन यंत्रांनिशी अनुरंग जैन यांचा उद्योग निघाला, ज्याची पुढे एन्ड्युरन्स झाली. आणि या सर्वांच्या माणसांना निवारा म्हणून जी वस्ती वाढली तिने कारखान्याचेच नाव घेतले. अशा रीतीने बजाजनगर हे नाव नकाशावर आले. येथे बीडचा माणूस आहे, जालन्याचा आहे, खानदेश-विदर्भाचा आहे. आजोबाचे गाव विचारले तर प्रत्येकाचे निराळे निघते, आणि बापाची शिफ्ट विचारली तर दोघांची एकच निघते.

ज्या वर्षी वाळूजची धुराडी पेटली त्याच वर्षी, म्हणजे १९८५ मध्ये, इंटेलने स्मृतीचा धंदा सोडला. जपानच्या एनईसी, हिताची, तोशिबा, फुजित्सू यांनी चिपचा भाव इतका पाडला आणि दर्जा इतका चढविला की ज्यासाठी कंपनी काढली तेच करणे कंपनीला परवडेना. अँडी ग्रोव्ह यांनी मूर यांना विचारले की उद्या आपल्या जागी नवा अधिकारी आला तर तो काय करील, मूर म्हणाले की तो स्मृतीतून बाहेर पडेल, आणि मग ते आपणच का करू नये, असे ठरले. ही हकिकत व्यवस्थापनाच्या वर्गांतून आता इतकी सांगितली जाते की तिची धार गेली आहे. मला तिच्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की जपानी माणसाने अमेरिकेला ज्या शिस्तीने हरविले तीच शिस्त, त्याच दशकात, मोटारसायकलीच्या मिषाने आमच्या माळावर येत होती. कावासाकीच्या सहकार्याने बजाजची केबी १०० ही गाडी १९८६ मध्ये बाजारात आली. आणि जपानी तंत्राबरोबर जपानी शब्दही आले, त्यांतला एक शब्द कान्बान.

कान्बान म्हणजे पाटी. शब्दशः, दुकानावर लावतात ती पाटी. टोयोटाच्या ताईची ओनो यांनी तिचा उपयोग असा केला की पुढच्या कारागिराला माल लागला की त्याने मागच्याकडे एक पुठ्ठ्याचे कार्ड धाडावे, आणि कार्ड आल्यावाचून मागच्याने एकही नग करू नये. वरून हुकूम नाही, मधे साहेब नाही. कार्ड हेच स्मरण आणि कार्ड हीच विनंती. वाळूजच्या शेडांतून पेट्यांना लटकणारी ही कार्डे ज्यांनी पाहिली आहेत, तेलाच्या बोटांनी काळी झालेली, कोपरे दुमडलेली, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली, त्यांना आजच्या कचेऱ्यांतल्या संगणकी फलकांचे नवल वाटू नये. ट्रेलो नावाची आज्ञावली २०११ मध्ये आली, त्यात कामाची एकेक चिठ्ठी या रकान्यातून त्या रकान्यात सरकवितात. तिचे कुळ शोधू गेल्यास ते कारखान्याच्या फरशीवरच्या त्या मळक्या कार्डापाशीच जाऊन पोचते. बंगळूरच्या किंवा पुण्याच्या काचेच्या इमारतीत बसून मुले जिला ‘बोर्ड’ म्हणतात, ती मुळात पाटी आहे, आणि वाळूजच्या जोडाऱ्याच्या हातून ती त्यांच्या कितीतरी आधी गेली आहे.

कार्डाखेरीज या वसाहतीची स्मृती आणखी कशाकशात होती, हे सांगितले पाहिजे, कारण ते कोठे लिहिलेले नाही. फाटकावर पंचिंगचे कार्ड, स्टोअरमध्ये प्रत्येक खणावर बिन कार्ड, यंत्रापाशी जॉबकार्ड, अमोनियाच्या वासाची निळसर ड्रॉइंगे, टेम्पोबरोबर जाणारे तीन प्रतींचे चलन आणि त्यातली फिक्कट तिसरी प्रत, आणि या सर्वांहून थोर असे ते शिफ्ट बदलताना भरावयाचे लॉगबुक. तीन नंबरच्या प्रेसचा क्लच घसरतो, डाय गरम झाल्यावर पहिले दहा नग टाकून द्या, अमुक मालात बर येते तेव्हा कानस मारून मगच पुढे द्या, अशा दोन-दोन ओळींत रात्रीचा सुपरवायझर सकाळच्याशी बोलत असे. दोघांची गाठ फाटकावर क्षणभर पडे, पण वहीत ते वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत राहत. सहकार्याची याहून नेमकी आज्ञावली माझ्या पाहण्यात नाही. तिचा दोष एवढाच, की ती एकाच ठिकाणी असे, आणि साहेबाच्या टेबलावर गेली की शॉपमध्ये अंधार.

तो दोष काढण्याचा मोठा उद्योग अमेरिकेत नेमका वाळूजच्या कोनशिलेच्या वर्षी सुरू झाला. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या शिक्षणयंत्रणेवर १९७३ मध्ये डेव्हिड वूली या तरुणाने लिहिलेली टिपणवही रे ओझी यांनी विद्यार्थिदशेत वापरली होती. तिचा छंद लागलेल्या ओझींनी १९८४ च्या अखेरीस आयरिस नावाची लहानशी कंपनी काढली, आणि पाच वर्षांनी, १९८९ च्या डिसेंबरात, लोटस नोट्स विक्रीस आली. पहिले मोठे गिऱ्हाईक कोण, तर प्राइस वॉटरहाउस ही हिशेब तपासणारी पेढी. तिने एकदम दहा हजार प्रती घेतल्या. फडणिसांना फडणिसांचे हत्यार कळते. नोट्सची खरी युक्ती अशी की प्रत्येक कचेरीत त्याच दफ्तराची एक नक्कल ठेवावयाची, प्रत्येकाने आपापल्या नकलेवर काम करावयाचे, आणि रात्री तारेवरून दोन नकलांनी एकमेकींशी बोलून आपला भेद मिटवावयाचा. इंग्रजीत त्यास भारदस्त नाव आहे. मराठीत ती रुजुवात. आयबीएमने १९९५ मध्ये साडेतीनशे कोटी डॉलर देऊन लोटस विकत घेतली, आणि २०१९ मध्ये नोट्स व तिच्या बरोबरीच्या काही आज्ञावल्या एकशेऐंशी कोटी डॉलरांना एचसीएल या भारतीय कंपनीच्या पदरी आल्या. तोवर दफ्तराची फॅशन बदलली होती. स्लॅक आणि टीम्स यांचा अंमल सुरू झाला होता.

स्मृतीच्या कारखानदारांचे पुढे जे झाले ते थोडक्यात सांगण्याजोगेच आहे, कारण एकाच प्रकारचा मृत्यू पुनःपुन्हा वर्णन करण्यात स्वारस्य नाही. जपान्यांना कोरियनांनी मागे टाकले. जर्मनांची किमोंडा २००९ मध्ये बुडाली. एनईसी आणि हिताची यांनी एकत्र येऊन काढलेली एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोर झाली आणि पुढच्याच वर्षी बटाट्याच्या भांडवलावर वाढलेल्या मायक्रॉनच्या घरात गेली. आज सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हाती डेनार्ड यांच्या युक्तीवर चालणाऱ्या डीरॅम स्मृतीचा जवळजवळ सारा धंदा आहे; २०२३ च्या जूनमध्ये मायक्रॉनने चिपांची जुळणी आणि तपासणी करण्याचा कारखाना जाहीर केला तो गुजरातेत, साणंदला.

या दूरच्या घडामोडींचा आमच्या शेडांशी काय संबंध, असे कोणी म्हणेल, तर त्याने एखाद्या लघुउद्योजकाला २०११ सालाविषयी विचारावे. त्या वर्षी थायलंडच्या महापुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि डिस्कांचे भाव पाहता पाहता वाढले. माझ्या परिचयाच्या एका वर्कशॉपच्या मालकाने ‘भाव उतरू द्या’ म्हणून जादा डिस्क घेऊन नक्कल ठेवण्याचे काम पुढे ढकलले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात विजेच्या एका झटक्याने त्याची एकुलती डिस्क गेली. तीन वर्षांची चलने, दरपत्रके, येणी, सारे गेले. स्टोअरकीपर जुन्या वळणाचा; संगणक आल्यावरही त्याने आपली लाल बासनी वही चोरून चालू ठेवली होती, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली होती. चार रविवार बसून त्या वहीवरून रुजुवात घातली तेव्हा येणे उभे राहिले. मालकाने त्याला काय बक्षीस दिले हे मला ठाऊक नाही. वही बंद करण्याचा हुकूम मात्र मागे घेतला.

आज वाळूजच्या मोठ्या कारखान्यांत स्टोअरचा शेवटचा नटबोल्टसुद्धा संगणकात रुजू आहे, व्हेंडरला शेड्यूल आपोआप जाते, आणि लहान शेडांत हेच सारे काम व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालते: रिजेक्शनचा फोटो, चलनाचा फोटो, ‘गाडी निघाली’ आणि अंगठा. हे चालते दफ्तर इतके चालते आहे की फोन बदलला की संपते. मोठ्यांची नोंद दूरच्या सर्व्हरवर, लहानांची खिशात. बजाजनगरात मात्र कोठेच नाही. किल्लेअर्कातले कागद निदान गाड्यांवर लादताना लोकांना दिसले तरी असतील.

या वसाहतीला आता चाळीस वर्षे झाली आहेत. पहिल्या शिफ्टला लागलेली माणसे निवृत्त झाली, त्यांतली काही गेली. पण मोरे चौकाच्या आसपासच्या घरांत, माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी, जुने पंचिंग कार्ड, सुपरवायझरची खाजगी डायरी, युनियनच्या कराराची सायक्लोस्टाइल प्रत, तेलाचे डाग पडलेले लॉगबुक अजून आहे, आणि दर दिवाळीला त्यातले थोडे रद्दीत जाते. पेशवे दफ्तरातून रियासतकार सरदेसाई यांनी १९२९ पासून पाच-सहा वर्षांत पंचेचाळीस खंड काढले, ते कागदांचे रुमाल कोणीतरी बांधून ठेवले होते म्हणून. उद्योजकांच्या ‘मसिआ’ आणि ‘सीएमआयए’ या दोन संघटना येथे आहेत, शहरात विद्यापीठ आहे, त्याला इतिहासाचा विभाग आहे. त्यांपैकी कोणी एक खोली आणि एक कारकून दिला तरी वाळूजचे दफ्तर उभे राहील. ते होईपर्यंत, वाचकहो, येत्या दिवाळीची साफसफाई करताना वडिलांची डायरी रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवू नका. जुन्या धुतलेल्या धोतरात बांधा, वर साल घाला आणि कोरड्या जागी ठेवा.